थॉमस-फिनीचं कॅल्क्युलस, क्लासशिवाय: साताठ महिन्यांच्या वापरानंतर

जॉर्ज थॉमस आणि रॉस फिनी यांचं ‘कॅल्क्युलस अँड अ‍ॅनालिटिक जॉमेट्री’, नववी आवृत्ती. गेले साताठ महिने ऑफिसमधून आल्यावर हेच पुस्तक घेऊन बसतोय. मी कॉमर्सचा. बारावीला गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं, त्यामुळे लिमिट, डेरिव्हेटिव्ह हे शब्द सायन्सच्या मित्रांच्या तोंडूनच ऐकलेले. क्लास लावलेला नाही, घरात विचारायला कोणी नाही. अशा माणसाला हे पुस्तक झेपतं का, एवढंच मला सांगायचंय. झेपतं. पण छापलेल्या क्रमाने वाचलं तर अवघड जातं, आणि आकृत्या काढायचा कंटाळा असेल तर नादी लागू नका.

एकट्याने शिकताना समजावून सांगणारे हवे तेवढे मिळतात. अमेरिकेतल्या एमआयटीची व्याख्यानं फुकट आहेत, यूट्यूब भरलेलं आहे. मिळत नाही तो वही तपासणारा. पुस्तकाच्या मागे फक्त विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं आहेत, तीही नुसती शेवटची ओळ. उत्तर जुळलं नाही तर गाडी कुठे अडली हे कोण सांगणार? माझ्या अनुभवात ते काम भूमिती करते. म्हणून कॅल्क्युलस आणि भूमिती एकाच पुस्तकात असणं मला मोलाचं वाटतं.

उदाहरण देतो. वाय बरोबर एक्सचं वर्गमूळ, हा वक्र ० ते ४ पर्यंत घ्या आणि एक्स अक्षाभोवती फिरवा. जो वाडगा तयार होतो त्याचं घनफळ पुस्तक दोन रीतींनी काढायला शिकवतं. एका रीतीत आडव्या पडलेल्या वाडग्याच्या गोल चकत्या पाडायच्या, दुसरीत एकात एक बसणारी पातळ नळकांडी कल्पायची. इंटिग्रल (म्हणजे त्या बारीक तुकड्यांची बेरीज) दोन्हीकडे वेगळे, आकडेमोड वेगळी, उत्तर मात्र दोन्हीकडे ८ पाय (π). शिवाय हा वाडगा ज्या सिलिंडरमध्ये नेमका बसतो त्याचं घनफळ १६ पाय, म्हणजे बरोबर दुप्पट. तीन बाजूंनी पडताळा झाला की मागचं पान उघडायची गरजच उरत नाही. मी आता प्रत्येक प्रकरणात अशी दोन वाटांची गणितं आधी शोधतो.

सगळ्यात जास्त मी रमलो ते पॅराबोलात, आणि त्याचं कारण खोडदचं जीएमआरटी. नारायणगावजवळच्या या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा जाऊन बघाच. डिशच्या वर चार पायांवर एक चौकट दिसते, ती फोकसपाशी असते. आकाशातून समांतर येणाऱ्या सगळ्या लहरी तिथेच का गोळा होतात, याचं उत्तर या पुस्तकाच्या बळावर मला स्वतः काढता आलं.

डिशचा उभा छेद घ्या. शिरोबिंदू आरंभबिंदूवर, फोकस त्याच्या वर एफ अंतरावर. वक्रावरच्या एखाद्या बिंदूची उंची एच धरा. डेरिव्हेटिव्ह (वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला चढ) काढून तिथली स्पर्शिका लिहिली की दिसतं, ती अक्षाला शिरोबिंदूच्या बरोबर एच इतकी खाली छेदते. म्हणजे त्या छेदनबिंदूपासून फोकसपर्यंत अंतर एफ अधिक एच. आता पॅराबोलाची व्याख्या आठवा: वक्रावरचा प्रत्येक बिंदू फोकसपासून आणि शिरोबिंदूच्या एफ इतकं खाली असलेल्या आडव्या रेषेपासून सारखाच दूर. म्हणून त्या बिंदूपासून फोकसपर्यंतचं अंतरही एफ अधिक एच. त्रिकोण समद्विभुज झाला, कोन समान झाले, आणि अक्षाला समांतर येणाऱ्या किरणाला फोकसवाचून दुसरी जागा उरली नाही. यात कॅल्क्युलसची एक ओळ आहे, बाकी सगळी दहावीची भूमिती! जीएमआरटीच्या डिशचं फोकस अंतर सुमारे १८.५ मीटर आहे. त्रिज्या २२.५ मीटर. तिचा वर्ग करून चौपट फोकस अंतराने भागा, डिशची खोली साधारण ६.८ मीटर येते. हा आकडा वहीत आला त्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतका आनंद झाला होता.

एलिप्सने वेगळं काहीतरी शिकवलं. अर्धे अक्ष ५ आणि ३ घेतले तर क्षेत्रफळ १५ पाय, दोन मिनिटांत निघतं. मग वाटतं परिमितीही तशीच निघेल. लांबीचं सूत्र मांडून बसलं की जो इंटिग्रल येतो तो ओळखीच्या कुठल्याच फंक्शनमध्ये उतरत नाही, आणि तो तसा उतरूच शकत नाही हे लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १९व्या शतकात सिद्ध करून ठेवलंय. अशा वेळी इंटिग्रलची अंदाजे किंमत आकडेमोडीने काढणारा सिम्प्सनचा नियम कामी येतो. त्याने साधारण २५.५३ मिळालं. रामानुजनने १९१४ मध्ये दिलेलं एक सुटसुटीत सूत्र आहे: अर्ध्या अक्षांच्या बेरजेची तिप्पट घ्या, त्यातून एक वर्गमूळ वजा करा आणि पायने गुणा. आमच्या एलिप्ससाठी २४ वजा २५२चं वर्गमूळ, गुणिले पाय. उत्तर तेच, २५.५३.

आता क्रमाबद्दल. शंकुच्छेद (पॅराबोला, एलिप्स वगैरे) थेट नवव्या प्रकरणात आहेत, हे मला पटलेलं नाही. स्पर्शिकेची गणितं दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात, आणि ज्या वक्रांवर ती सर्वांत खुलतात ते इतक्या उशिरा. मी दुसरं प्रकरण संपवून नवव्यातला पॅराबोला-एलिप्सचा सुरुवातीचा भाग करून घेतला आणि मग तिसऱ्याकडे वळलो. लॉगरिदम मात्र सहाव्या प्रकरणात येतो ते योग्यच आहे, कारण तिथे तो १ भागिले टीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणून येतो आणि शाळेत पाठ केलेले नियम तिथून आपोआप निघतात.

ज्यांचा त्रिकोणमितीशी संबंध सुटलाय त्यांनी आधी बालभारतीचं अकरावी सायन्सचं गणित, भाग १ करावं. त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद, सगळं आहे आणि पीडीएफ फुकट मिळते. एप्सिलॉन-डेल्टाचा, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येचा भाग पहिल्या फेरीत वरवर वाचून पुढे गेलात तरी चालतं. डेरिव्हेटिव्ह हातात बसल्यावर परत या.

सोबत जिओजेब्रा हे आलेख काढून देणारं सॉफ्टवेअर ठेवाच. पोलर निर्देशकांत (बिंदूची जागा अंतर आर आणि कोन थीटा यांनी सांगतात ती पद्धत) तर त्याच्याशिवाय चालत नाही. आर बरोबर साइन थीटा आणि आर बरोबर कोसाइन थीटा, ही दोन वर्तुळं. समीकरणं सोडवली तर एकच छेदनबिंदू मिळतो, थीटा ४५ अंशांचा. चित्र काढलं की दोन दिसतात. दुसरा आरंभबिंदू, दोन्ही वर्तुळं तिथून जातात, पण थीटाच्या वेगवेगळ्या किमतींना, म्हणून बीजगणिताला तो सापडत नाही. पण आधी हाताने काढा, मग स्क्रीनवर बघा. उलट केलं तर डोळ्याला सवय लागत नाही.

सीईटी किंवा जेईई तोंडावर असलेल्यांनी हे घेऊ नये. त्यांना लागणारा वेग आणि प्रश्नांची धाटणी यात नाही. नोकरी करत सावकाश शिकणाऱ्यांनी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्यांनी जरूर घ्यावं. माझं अनंत श्रेढींचं आठवं प्रकरण अर्धं आहे, त्रिमितीतली भूमिती अजून पुढे आहे. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रती शोधा. ग्रंथ जाडजूड आहे, बांधणी आधी तपासा आणि शेवटची उत्तरांची पानं जागेवर आहेत ना ते बघूनच पैसे द्या.