किंडल, टॅब की छापील पुस्तक: मराठी वाचकाने पैसे कशात घालावेत?

मावशीच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या वाचनाची सोय कशी करायची यावर आमच्या घरी आठवडाभर खल चालला होता. भावाचं म्हणणं, टॅब घेऊ, त्यावर कीर्तनंही ऐकेल. मी किंडलच्या, म्हणजे अॅमेझॉनच्या नुसत्या पुस्तकं वाचायच्या यंत्राच्या, बाजूने होते. मावशीचं एकच पालुपद: मोठ्या अक्षरातली पुस्तकं आणून द्या, यंत्रबिंत्र नको. तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं हे मला नंतर कळलं. तुमच्याकडे हाच प्रश्न असेल, तर मी काय काय पाहिलं ते सांगते.

आधी डोळ्यांचं. किंडलचा पडदा ई-इंकचा. आत सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विद्युतभार असलेले काळे-पांढरे कण. पान उलटताना वीज लागते, नुसतं वाचताना जवळपास लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघावं लागत नाही, आणि भर उन्हात गच्चीवर बसलात तरी अक्षर कागदावरच्यासारखं स्वच्छ दिसतं. टॅबचा पडदा सतत उजेड फेकतो, आणि उन्हात त्यात आपलाच चेहरा दिसतो. मावशीच्या हातात किंडल दिलं, अक्षर वाढवत वाढवत नेलं. एका पानावर सातआठ ओळी राहिल्या तेव्हा ती म्हणाली, "आता बास." चष्मा बाजूला ठेवून तिने सलग तासभर वाचलं. कागदाला हे जमत नाही. मोठ्या टाइपातली मराठी पुस्तकं शोधायला गेलात तर पोथ्या आणि धार्मिक ग्रंथ मिळतात, कादंबरी क्वचित.

म्हणजे किंडल जिंकलं? इंग्रजी वाचणाऱ्याच्या बाबतीत मी लगेच हो म्हटलं असतं. मराठीत प्रश्न इथून पुढे सुरू होतात.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून रीतसर मिळू लागली. चांगली पुस्तकं आहेत, नव्या लेखकांचं स्वतः प्रकाशित केलेलं लेखनही भरपूर आहे. पण आपल्याकडच्या प्रकाशकांनी वर्षानुवर्षं पुस्तकं जुळवली ती श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत. त्या फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणताना अक्षरं विस्कटतात. मग कुणालातरी ओळ न् ओळ तपासावी लागते, आणि ते काम सगळेच करून घेत नाहीत. पहिला बळी जातो तो ऱ्य. डोंगरातल्या दऱ्या उसळत्या दर्या होतात, आचाऱ्याने केलेला स्वयंपाक आचार्याच्या नावावर जातो. मग ल आणि श. आपला पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श बऱ्याच टंकांत नसतोच. तिथे हिंदी वळणाची अक्षरं येऊन बसतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये खास निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरवले, तरी पडद्यावर अजून तीच तऱ्हा. काहींना ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. मला वाटत नाही. तीनशे पानं वाचायची असतील तर दर पानावर खडा लागणारं पुस्तक मी पैसे देऊन का घ्यावं?

टॅबवर चित्र वेगळं आहे. बुकगंगासारख्या मराठी दुकानांचं स्वतःचं ॲप असतं आणि मराठी ई-पुस्तकांची निवड तिथे बरीच मोठी आहे. पण ते पुस्तक त्याच ॲपमध्ये वाचायचं, ते किंडलवर नेता येत नाही. आणि किंडलवर घेतलेलं त्या ॲपमध्ये येत नाही. दोन कपाटं, दोन किल्ल्या, आणि दोन्ही किल्ल्या दुकानदाराकडे. टॅबची खरी ताकद पीडीएफमध्ये दिसते. जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक, दोन रकान्यांची पानं, इतिहासाची साधनं, हे सगळं सहासात इंचांच्या किंडलवर वाचणं म्हणजे खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहण्यासारखं. दहा-अकरा इंचांच्या टॅबवर पूर्ण पान मावतं. तुमचा अभ्यासच अशा कागदांवर चालत असेल, तर पुढचं न वाचता टॅब घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण आपण दाबतो, पण पुस्तक विकत मिळत नाही. मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर पुसून टाकल्या. ज्याने त्या दुकानात चढवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं, आणि पैसेही परत केले गेले. पण त्यातली एक कादंबरी '१९८४' होती, सरकार जुने कागद नाहीसे करतं त्याचीच गोष्ट. मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा ती अभ्यासाला वाचत होता. त्याच्या टिपा शिल्लक राहिल्या, पण त्या ज्या ओळींवर होत्या त्या ओळीच गेल्या. अॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. लोकांनी घेतलेली पुस्तकं जुलैपासून उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकात टिपा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. टिपांची ती किंमत मला तेव्हाही पटली नव्हती. बाबांच्या पुस्तकांत समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं आहे. कुठे 'खोटं', कुठे नुसतं उद्गारचिन्ह, एका ठिकाणी आईने त्याखाली दिलेलं उत्तर. ते मी २५ डॉलरला कुणालाही देणार नाही.

माझंही एकदा झालं आहे, लहान प्रमाणात. एका ॲपवर मी अकरा मराठी पुस्तकं घेतली होती. फोन बदलला, नव्या फोनवर ते ॲप चालेना, मेलला उत्तर आलं नाही. पैसे फार नव्हते. पण त्यातली दोन पुस्तकं छापील मिळतच नाहीत, त्याची हळहळ अजून आहे.

अलीकडे हे कुलूप आणखी घट्ट झालं. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अॅमेझॉनने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय काढून घेतली. आपल्याकडे एक प्रत ठेवायचा तो सरळ रस्ता होता. उलट बाजूलाही काही घडलं आहे, तेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आला, की परवाना देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. आणि लेखकाने कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक बंदी, लावलं नसेल तर त्याचं स्वयंप्रकाशित पुस्तक जानेवारी २०२६ पासून ईपब (ई-पुस्तकांचा खुला प्रकार) किंवा पीडीएफमध्ये उतरवून घेता येईल, असं अॅमेझॉनने जाहीर केलं. मराठीत स्वतः पुस्तकं काढणाऱ्या लेखकांना माझी मनापासून विनंती आहे: कुलूप लावू नका. तुमचा वाचक चोर नाही, आणि तुमचं पुस्तक तुमच्या दुकानदाराच्या पश्चातही वाचलं जायला हवं.

किमतीचा हिशेब लवकर आटपतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेलं किंडलचं नवं पेपरव्हाइट मॉडेल १६,९९९ रुपयांना होतं. साडेतीनशे रुपयांचं पुस्तक धरलं तर तेवढ्यात अठ्ठेचाळीस छापील पुस्तकं येतात, आणि ती वाचून झाल्यावर शेजारी देता येतात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात विकताही येतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावरचा २०१८ साली १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, तोही छापील आवृत्ती असेल तरच. वाचनालय धरलं तर कागद आणखी स्वस्त. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून पुस्तकं घरी देतं आहे. त्याच्या वयाचं एकही ॲप नाही. परदेशातल्या मराठी माणसाचं गणित मात्र उलटं पडतं. न्यू जर्सीत पुस्तकाइतकंच टपाल भरावं लागतं, तिथे किंडलवरचं मराठी पुस्तक, खडे धरूनही, मोठा आधार आहे.

फुकट आणि कायमचं असंही बरंच आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन कुणालाही छापता, वाटता येतं. असं साहित्य मराठी विकिस्रोत या खुल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहे, ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थाही पुस्तकं मोफत देतात. त्यातलं ईपब ईमेलने किंडलला पाठवलं की कुलपाविना वाचता येतं. मावशीच्या किंडलवर आज निम्मी पुस्तकं अशीच आहेत.

तेव्हा माझं मत असं. इंग्रजी भरपूर वाचत असाल किंवा घरात दृष्टी अधू झालेलं कुणी असेल, तर किंडल घ्या आणि खेद करू नका. स्कॅन केलेल्या कागदांत राबत असाल तर टॅब. मुख्यतः मराठी कथा-कादंबऱ्या वाचत असाल आणि डोळे साथ देत असतील, तर यंत्रावर पैसे घालू नका. वाचनालयाची वर्गणी भरा आणि जी पुस्तकं पुन्हा पुन्हा उघडाल ती छापील घ्या. दोन्ही परवडत असेल तर एकदा वाचून सोडायचं ते किंडलवर, ठेवायचं ते कागदावर.

आणि किंडलवर मराठी पुस्तक घेण्याआधी नमुना प्रकरण उतरवून घ्या, ते फुकट असतं. त्यात 'दुसऱ्या' किंवा 'बऱ्याच' हे शब्द शोधा, ते पहिल्या दोन पानांत सापडतातच. तिथे र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला असेल, तर त्या पुस्तकाची तपासणी झालेली नाही. मावशी आता स्वतःच हे करते, आणि दोन पुस्तकं तिने मला परत करायला लावली आहेत.