भीतीशी जुळवून घेण्याची कार्यशाळा: एक अभिप्राय

सदाशिव पेठेतील एका समुपदेशन केंद्रात शनिवार-रविवारी होणारी ही कार्यशाळा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीवर आधारलेली आहे. ‘सकारात्मक विचार करा’ असला उपदेश येथे ऐकावा लागत नाही, ही पहिली जमेची बाजू.

भीती प्रत्यक्ष घटनेपेक्षा ‘असे होताच कामा नये’ या आपल्या हट्टामुळे अधिक छळते, हे एलिस यांचे प्रतिपादन समुपदेशिकेने सहभागींच्याच अडचणी घेऊन उलगडले. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की रात्रभर जागणाऱ्या, मुठेकाठी राहणाऱ्या एका गृहिणीला त्यांनी कोणताही दिलासा दिला नाही. जुलै २०२४ मध्ये मुठेकाठच्या एकतानगरी वसाहतीत शिरलेले पाणी सर्वांच्याच स्मरणात असल्याने तसा दिलासा खोटा ठरला असता. पाणी येणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही हे मान्य करायचे, दुचाकी वेळेत उंचावर नेऊन लावायची, कागदपत्रे माळ्यावर टाकायची आणि मग अंथरुणाला पाठ टेकायची, इतके साधे उत्तर त्या दोघींनी मिळून काढले. स्वीकार म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हे या अर्ध्या तासात जितके पटले तितके हाती दिलेल्या टिपणांतून पटले नाही.

गृहपाठ मात्र घाम फोडणारा आहे. मुलींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी एलिस यांनी वयाच्या १९व्या वर्षी न्यूयॉर्कमधील एका उद्यानात शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा प्रयोग केला होता. आमच्या वाट्याला त्यांनीच सुचवलेला एक सौम्य प्रकार आला, तो म्हणजे धावत्या बसमध्ये थांब्यांची नावे मोठ्याने पुकारणे. स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या पीएमपीमध्ये मी ‘पद्मावती!’ असे ओरडलो, तेव्हा कोणी हसले नाही. शेजारच्या आजोबांनी केवळ ‘अहो, पद्मावती मागेच गेलं, आता बालाजीनगर’ अशी दुरुस्ती केली (पुण्यात दुसरे काय होणार?). लोक काय म्हणतील या धास्तीची प्रत्यक्षातील किंमत एवढीच निघाली.

उणिवाही आहेत. स्वतःचा बिनशर्त स्वीकार या विषयाला भरपूर वेळ मिळतो, पण इतरांना त्यांच्या दोषांसह स्वीकारणे हा तितकाच कठीण भाग रविवारी सायंकाळी घाईने उरकला जातो आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांची नेमकी तिथेच निराशा होते. सभागृह तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, ही गैरसोय ज्येष्ठांनी आधीच लक्षात घ्यावी. नोंदणीपूर्वी दूरध्वनीवर थोडी विचारपूस होते आणि ज्यांना भीतीचे तीव्र झटके येतात त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास स्पष्टपणे सांगितले जाते. शुल्क बुडत असतानाही हे सांगितले जाते, याचे मला विशेष वाटले. परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणीचा अहवाल अशा रोजच्या धास्तींनी त्रासलेल्यांनी येथे खुशाल नाव नोंदवावे.