बुडबुडे आणि फोटोइलेक्ट्रोड: प्रकाश समोरून द्यावा की काचेमागून?

सूर्यप्रकाशावर पाण्याचं विघटन करणारा सेल मांडताना त्यातल्या फोटोइलेक्ट्रोडला, म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या इलेक्ट्रोडला, प्रकाश कुठल्या बाजूने द्यायचा, हे बहुतेकदा पदार्थाच्या शोषणावरून ठरतं. माझ्या मते बुडबुड्यांचा विचार त्याआधी व्हायला हवा.

समोरून, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधून (वीजवाहक द्रावणातून) प्रकाश दिला की एफटीओ काचेतली (वीजवाहक थर दिलेल्या पारदर्शक काचेतली) घट टळते आणि अपारदर्शक आधारही चालतो. जाड सिलिकॉन वेफरला तर सहसा हाच मार्ग. पण प्रकाशाच्या वाटेतच वायू तयार होतो. दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपिअर प्रवाह असेल तर कॅथोडवर तासाला साधारण 4.5 मिलिलिटर हायड्रोजन सुटतो, ॲनोडवर त्याच्या निम्मा ऑक्सिजन. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आणि वायूचा जवळपास 1, त्यामुळे गोल बुडबुड्यावर येणाऱ्या समांतर किरणांपैकी कडेचे सुमारे 44 टक्के पूर्ण परावर्तन होऊन बाजूला फेकले जातात. खाली सावली, भोवती उजळ कडं. छोट्या बुडबुड्यांचा प्रकाश शेजारीच पडतो. मोठा बुडबुडा मात्र तो इलेक्ट्रोडच्या बाहेर नेतो.

माझं मत फिरलं ते प्रवाहाच्या आलेखातल्या करवतीमुळे. बुडबुडा वाढतो तसा प्रवाह उतरत जातो, तो सुटला की एकदम वर येतो. काही बुडबुडे तर सुटतच नाहीत. मग स्थिरता-चाचणीत उत्प्रेरक झिजतोय की बुडबुडा चिकटलाय, हे आलेखावरून सांगता येत नाही. सेलला हलकी टिचकी मारा: प्रवाह परत चढला तर दोष बुडबुड्याचा. बिस्मथ व्हॅनाडेट या प्रकाश शोषणाऱ्या अर्धवाहकाच्या ॲनोडसाठी आणखी खात्रीचा उपाय म्हणजे बफरमध्ये सोडियम सल्फाइट मिसळून तीच चाचणी पुन्हा करणं. सल्फाइटचंच ऑक्सिडीकरण होत असल्याने ऑक्सिजन सुटत नाही आणि करवत नाहीशी व्हायला हवी. प्रवाहाच्या आकड्यांची तुलना मात्र करू नका, सल्फाइटमुळे ते तसेही वाढतात. बघायचा तो आलेखाचा आकार.

काचेमागून प्रकाश दिला तर एफटीओ काच थोडा प्रकाश खाते, पण ती घट स्थिर असते, दर मिनिटाला बदलत नाही. बिस्मथ व्हॅनाडेटमध्ये इलेक्ट्रॉन मंद चालतात, ते एफटीओजवळच निर्माण झाले तर उलट फायदाच. उत्प्रेरकाचा थरही सावलीची चिंता न करता थोडा जाड देता येतो. बुडबुड्याने झाकलेलं क्षेत्रफळ आणि वाढलेला रोध मात्र याने सुटत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोड उभा ठेवा आणि इलेक्ट्रोलाइट खालून वर फिरवा. ट्रायटन एक्स-100 सारखा पृष्ठसक्रियक (साबणासारखा पदार्थ) किंचित घातला तर बुडबुडे लहान असतानाच सुटतात, पण ॲनोडवर त्याचंही ऑक्सिडीकरण होऊ शकतं. मग मोजलेला सगळा प्रवाह ऑक्सिजनचाच, असं म्हणता येत नाही. म्हणून ॲनोडला मी तो सुचवणार नाही.

पदार्थ पारदर्शक काचेवर बसत असेल तर माझा कल काचेमागच्या प्रकाशाकडे आहे. टँडेम मांडणीत, म्हणजे फोटोॲनोडला सौर सेलची जोड असते तिथे, मात्र सावध राहा: फोटोॲनोडमधून पार झालेला प्रकाश इलेक्ट्रोलाइट ओलांडून मागच्या सौर सेलवर जात असेल, तर बुडबुडे पुन्हा वाटेत येतात. सौर सेल ॲनोडच्या शेजारी ठेवला तर ही अडचण जाते, पण प्रकाश झेलायला जास्त क्षेत्र लागतं.