हिरव्या कूलंटचे आठ महिने आणि गुलाबीचे आठ

सप्टेंबरात ओतलं, मे महिन्यात भोगलं, आणि जानेवारीत त्या हिरव्या डब्याचा हा रिव्ह्यू लिहायला बसलोय.

गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, गुलाबी कूलंटवाली (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव). कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेखाली गेली म्हणून दुकानात गेलो. गुलाबी लिटरला 390, हिरवं 200. दुकानदार म्हणाला, ‘‘घ्या नं भाऊ, कूलंट म्हणजे कूलंट. रंगानं का इंजिन थंडं होते?’’ मला पटलं. खरं सांगायचं तर 190 रुपये पटले.

पहिले सहा महिने मी या हिरव्या डब्याचा प्रचारक होतो. इंजिनच्या तापमानाचा काटा हलायचा नाही, ऑफिसात तिघांना घ्यायला लावलं. फक्त दीड-दोन महिन्यांनी पातळी उतरायची, मी पुन्हा थोडं ओतायचो. उन्हात उडत असेल, असं स्वतःला सांगायचो.

मग नवतपा लागला. चंद्रपूरला लग्न, मागच्या सीटवर सासूबाई. बुटीबोरीच्या अलीकडे आधी एसी कोमट झाला, मग काटा चढला. एसी बंद करून हीटर फुल्ल लावला, कारण हीटर इंजिनाची उष्णता ओढून घेतो. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे 2013 साली पारा 47.9 वर गेला होता, तिथे हीटर! सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. पण गंमत ही, की हीटरची हवा बाहेरच्या लूपेक्षा गरम नव्हतीच. तेव्हा वाटलं, देवानं वाचवलं. ते गाडीच्या पोटात बोळा अडकल्याचं लक्षण होतं, हे नंतर कळलं.

टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. न उघडताच रेडिएटर, वॉटर पंप, हीटर कोअर (हीटरची जाळी, जिच्यातून गरम कूलंट फिरतं) बदला म्हणाले, 19,000. ‘‘आधी उघडून दाखवा’’ यावर दोन तास वाद. शेवटी तपासणीचे 600 भरून कामठी रोडवरच्या मिस्त्रीकडे आलो.

त्यानं इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, मगच झाकण फिरवलं. आत गुळाचा खरवस! बोटानं उचलला तर थरथरला. म्हणाला, ‘‘काहून मिसळलं साहेब? हे दोन जातीचं आहे.’’

जातीची भानगड अशी. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात बहुधा सिलिकेट-फॉस्फेटसारखी रसायनं असतात. ती धातूवर लगेच थर धरतात आणि दोनेक वर्षांत संपतात. माझ्या गाडीच्या गुलाबीत सेंद्रिय आम्लांची आहेत. ती गंज धरू लागेल तिथेच काम करतात, म्हणून पाचेक वर्षं टिकतात. मिसळलं की दरवेळी खरवस होतो असं नाही. बरेचदा एवढंच होतं, की पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांचं होतं. आणि रंग? तो नुसता डाय. एका कंपनीचं हिरवं दुसरीच्या गुलाबीच्या जातीचं असू शकतं. दुकानदार अर्धा बरोबर होता म्हणायचं.

घरी येऊन डबा उलटापालटा केला. जात कुठे लिहिलीय? एमआरपीच्या स्टिकरखाली! नखानं खरवडून काढलं तेव्हा मुंगीएवढी ओळ दिसली. ‘सर्व गाड्यांसाठी’ मात्र तळहाताएवढं. या एका स्टिकरसाठी रिव्ह्यूत एकच तारा द्यायचा, असं तेव्हाच ठरवलं होतं.

पण मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढला आणि माझा आवाज बसला. त्यावर पांढरी खरबरीत पुटं, आमच्या गिझरच्या कॉइलवर असतात तशीच. हिरवं कूलंट कॉन्सन्ट्रेट होतं, त्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मी घातलं होतं आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बोअरवेलचं. ते क्षार कूलंट कंपनीनं पाठवले नव्हते. पुढे खालच्या होजची क्लिप दाखवली, बाजूनं हिरवट-पांढरी ओघळ वाळलेली. ‘‘बंद सिस्टीम आहे, कूलंट उडते कुठं? पातळी उतरली म्हणजे गळतेच.’’ चाळीस रुपयांची क्लिप. म्हणजे मी आठ महिने गळती भरत होतो, तीही चुकीच्या मालानं. म्हणून एक तारा वाढवतो. स्टिकरची सूट नाही.

फ्लशिंग, थर्मोस्टॅट, क्लिप आणि चार लिटर गुलाबी प्रीमिक्स धरून 3,850 झाले. प्रीमिक्समध्ये पाणी आधीच मापात असतं, बोअरवेलचा मोह नको. इथे गोठण्याची भीती नाही हे खरं, पण निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरही 107 अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या दाबाखाली आणखी वर. उन्हाळ्यात आपल्याला हाच फायदा. वाटेत पातळी उतरली आणि जात माहीत नसेल, तर नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून घरी या, असं मिस्त्रीचं मत. आता माझंही. डिक्कीत बाटली असते.

आठ महिन्यांत गुलाबी रेघभरही उतरलं नाही. विकत घेताना दुकानातच स्टिकर खरवडून जात वाचली, दुकानदार बघत राहिला. उरलेलं हिरवं माळ्यावर ठेवलंय. चवीला गोड असतं आणि विषारी, गल्लीतली कुत्री चाटतील.

हीटर कोअर मात्र उलट्या बाजूनं पाणी मारूनही पूर्ण मोकळा झालेला नाही. परवा पहाटे रामटेकला निघालो, हीटर फुल्ल, हवा जेमतेम कोमट. सासूबाईंनी मागून शाल पुढे केली. म्हणाल्या, ‘‘जावईबापू, मे महिन्यात लावला होता, तोच का हा?’’