मागून ठोकलेली एमजीबी की मागून ठोकलेली स्पिटफायर?

दोन्ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, एक एमजीची, दुसरी ट्रायम्फची; दोन्ही १९६२ ते १९८० या काळातल्या, उघड्या टपाच्या. पण मागून धडक बसली की दोघींचं दुखणं वेगळ्या ठिकाणी निघतं. वाकलेला बंपर आणि चेपलेली डिकी बघून किंमत ठरवू नका. तेवढं साताऱ्यातला चांगला डेंटर सरळ करतो. धक्का पुढे कुठवर गेला ते शोधायचं.

एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मागच्या शॅकल, म्हणजे स्प्रिंगचं टोक धरणाऱ्या हलत्या कड्या, डिकीच्या तळाखालच्या रेलला अडकवलेल्या असतात. रेल पुढे सरकली की शॅकलचा कोन बदलतो. म्हणून जॅक लावायच्या आधी, गाडी चाकांवर उभी असतानाच, डावा-उजवा कोन ताडून पाहा. मग चाकाच्या कमानीवर मडगार्डला सुरकुती, दाराच्या मागच्या फटीत वर-खाली फरक, डिकीच्या जोडांवर तडकलेलं सीलर (फट बुजवणारा लेप). एकाच भागात ताजा काळा अंडरकोट (पत्र्याखालचा गंजरोधक लेप) दिसला तर तिथलाच पत्रा खरवडून बघा. पेट्रोलची टाकी तळाखाली लटकते, ती सगळ्यात आधी मार खाते. वेल्डिंगआधी टाकी उतरवाच. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

स्पिटफायरला चासी वेगळी, बॉडी वर बोल्टने बसवलेली. सोपं वाटतं, आणि बरंचसं असतंही: चासीचं मागचं टोक खालून स्पष्ट दिसतं. टाकी डिकीत, सीटच्या पाठीमागे उभी, म्हणून हलक्या धडकेत वाचते. फसगत दुसरीकडे होते. मागच्या चाकांना पुढे-मागे धरणारे रेडियस आर्म चासीला नसून बॉडीला जोडलेले आहेत. बॉडी चासीवर सरकली, माउंटिंगची भोकं लांबट झाली, आर्मच्या ब्रॅकेटभोवती पत्रा फाटला, की सरळ चासीवरही मागचं चाक तिरपं चालतं. सिल, म्हणजे दाराखालचे पोकळ पत्रे, गंजलेले असतील तर हे हमखास.

मापायची पद्धत दोघींची सारखीच. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर ठेवा, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या बिंदूंवरून गवंड्याचा ओळंबा सोडा, खडूने खुणा करा आणि गाडी बाजूला घेऊन तिरकी मापं घ्या. ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक जुन्या गाडीत धरून चाला. ६ च्या पुढे गेला तर बेंच लागणार, म्हणजे गाडी घट्ट धरून ओढून सरळ करायचा सांगाडा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतरही मोजा: एमजीबी ९१ इंच, स्पिटफायर ८३ इंच.

कागदांचीही बाजू आहे. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी किंवा पूर्ण बॉडी बदलायचा विचार असेल तर आधी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आरटीओत विचारून घ्या.

आमचं मत: मारा डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या) मागेच थांबला असेल आणि आर्मचे ब्रॅकेट शाबूत असतील तर स्पिटफायर घ्या, ती गावातल्या गॅरेजमध्येही नीट होते. एमजीबी फक्त शॅकलच्या मागचा पत्रा गेलेली असेल तरच. शॅकल हललेली असेल तर ती सोडून द्या, किंवा बेंचचा खर्च आधी लेखी घेऊन तेवढे पैसे किमतीतून कापा.