घरगुती वाइनचा १० लिटरचा संच: बरणी चांगली, तोंड अरुंद

काच जाड आहे, एअरलॉकही (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) नीट बुडबुडतो. गोची आहे ती बरणीच्या तोंडात. हात आत जात नाही, त्यामुळे लाल द्राक्षांची वर तरंगणारी सालं खाली दाबता येत नाहीत. ती दिवसातून दोनदा दाबली नाहीत तर वर सुकतात, बुरशी धरते आणि वाइनचा शिरका होतो. म्हणून पहिले ५-६ दिवस रुंद स्टीलचं पातेलं झाकून वापरा, मग रस गाळून बरणीत भरा. पांढऱ्या वाइनला ही कटकट नाही. फक्त फेसासाठी पाव बरणी रिकामी ठेवा.

हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता पाहून साखर मोजायची तरंगती नळी, २० अंश सेल्सियससाठी जुळवलेला आहे. एप्रिलमध्ये गोव्यात रस सहज ३० अंशांवर जातो, तेव्हा आकडा सुमारे ०.००२ ने कमी दिसतो. म्हापशाच्या बाजारातली द्राक्षं खायची, वाइनला त्यांची साखर अपुरी पडते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेने अल्कोहोल एक टक्का वाढतं.

बरणीला ओलं गोणपाट गुंडाळा, नाहीतर उष्म्याने यीस्ट मधेच बसतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूचा रस आंबवणाऱ्यांना उष्मा काय करतो हे सांगायला नको. रबरी बूच मात्र भिकार! ओलं झालं की निसटतं; काठ कोरडा पुसूनच बसवा.