सिनॉलॉजी नॅसवर एक्स्टर्नल बॅकअप डिस्क: लातूरच्या एका क्लासमधील वापरानंतर

लातूरमध्ये नीट-जेईईचे क्लास चालवणाऱ्यांकडे आता तासांचे चित्रीकरण, सराव प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे स्कॅन असा साठा टेराबाइटमध्ये मोजावा लागतो. आमच्या क्लासमध्ये तो सिनॉलॉजी कंपनीच्या दोन डिस्कच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावर) आहे आणि दोन्ही डिस्कवर तीच माहिती राहील, अशी रेडची (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीची) रचना केलेली आहे. एवढ्यावर निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. परंतु कोणी चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते, त्यामुळे रेडला बॅकअप मानता येत नाही. म्हणून ४ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली. ती तयार करण्यासाठी सिनॉलॉजी नॅसच्या डीएसएम ७ या कार्यप्रणालीत असलेली सोय आणि हायपर बॅकअप हे बॅकअप घेण्याचे मोफत पॅकेज, या दोहोंविषयी हे परीक्षण आहे.

डिस्क विक्रेत्याने ‘सगळे सेट करून’ दिली होती. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र २०४८ जीबीचा एक भाग आणि त्यापुढे जवळपास १६७८ जीबीची काळी पट्टी दिसली, जिच्यावर ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेले होते. डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि संपतात याची नोंद) लिहिला गेला होता आणि ५१२ बाइटचा सेक्टर (डिस्कवरील जागेचा सर्वांत छोटा तुकडा) असताना ही पद्धत २०४८ जीबीच्या पलीकडे पोहोचत नाही. उरलेली जागा हवी असेल तर जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ताच लागतो. (४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३७२६ जीबी दिसते, यात कोणी फसवलेले नसते, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.)

माझे स्पष्ट मत आहे की अशी डिस्क दुकानात किंवा विंडोजवर फॉरमॅट करून आणूच नये; ती नॅसला जोडून तिथेच करावी. कंट्रोल पॅनेलमधील एक्स्टर्नल डिव्हाइसेस या भागात डिस्क निवडून फॉरमॅट म्हटले की, संपूर्ण डिस्क की एखादेच पार्टिशन आणि कोणती फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत), एवढेच विचारले जाते. फॅट३२ चा पर्याय तेथे असला तरी आमच्या कामाचा नाही, कारण त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते आणि सलग तासाचे चांगल्या दर्जाचे चित्रीकरण ती मर्यादा सहज ओलांडते. एक्सफॅटला ही अडचण नाही, मात्र त्यात जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणे) नसते. लिहिणे चालू असताना लाईट गेली तर फाइल प्रणाली विस्कळीत होण्याचा धोका त्यामुळे वाढतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो. शिवाय लिनक्सवरील मालकी हक्क व परवानग्या एक्सफॅट जपत नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल प्रणाली या दोन्ही बाबतींत भक्कम आहे, आणि नॅसची स्वतःची प्रणालीच लिनक्सवर आधारलेली असल्याने ती येथे सहज रुळते.

एकाच डिस्कचे दोन भाग करून एकात बॅकअप आणि दुसऱ्यात इतर फाइली ठेवाव्यात, असा सल्ला अनेक जण देतात. ते शक्य आहे; भाग आधी संगणकावर पाडून घेतले की नॅसवर ते यूएसबीशेअर१-१ आणि यूएसबीशेअर१-२ अशा नावांनी स्वतंत्र दिसतात. पण दोन भागांत ठेवलेल्या दोन प्रती एकाच मोटरवर आणि एकाच केबलवर अवलंबून असतात, त्यामुळे सुरक्षितता तसूभरही वाढत नाही. उलट बॅकअपचा भाग भरतो आणि शेजारची जागा रिकामी पडून राहते. आम्ही एकच पार्टिशन ठेवले.

हायपर बॅकअप हे या व्यवस्थेचे खरे बलस्थान आहे. जुन्या आवृत्त्या राखणे, ठरलेल्या वेळी काम चालवणे, प्रतीची अखंडता तपासणे आणि काम संपताच डिस्क आपोआप इजेक्ट करणे हे सारे ते करते. पहिला पूर्ण बॅकअप मात्र कंटाळवाणा होतो. खिशात मावणाऱ्या, या क्षमतेच्या बहुतेक डिस्क एसएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि सलग लेखन सुरू असताना त्यांचा वेग घसरतो.

उष्णतेचा विचार परीक्षणांत सहसा येत नाही. अशा पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंतच दिलेले असते, तर लातूर-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो. पत्र्याच्या खोलीत किंवा नॅसच्या गरम हवेच्या झोतात ती ठेवू नये, आणि बॅकअप रात्री उशिराची वेळ देऊन चालवावा.

सिनॉलॉजीकडे एक तक्रार आहे. ईएक्सटी४ ची डिस्क विंडोज स्वतःहून वाचत नाही, तरीही डीएसएमच्या फॉरमॅटच्या खिडकीत त्याचा इशारा ठळकपणे मिळत नाही. नॅसच बंद पडले तर लिनक्सचा संगणक आणि हायपर बॅकअप एक्सप्लोरर (बॅकअपमधील फाइली उघडण्याचे सॉफ्टवेअर) हाताशी हवा. डेटा एन्क्रिप्ट केला असेल तर पासवर्ड किंवा सुरुवातीला उतरवून घेतलेली की-फाइलही लागेल, आणि ती त्याच नॅसवर ठेवलेली असेल तर तिचा काहीच उपयोग नाही. उबुंटू या लिनक्सवर आम्ही एका जुन्या तासाची फाइल अशी बाहेर काढून पाहिली. ती व्यवस्थित उघडली, आवाजासकट.